डाव्या हाताची दुरुस्ती

“व्हिओला दुसऱ्या ठोक्यावर आत येईल,” पापा म्हणाले. “दबकत. चर्चमध्ये उशिरा पोचलेल्या माणसासारखी.”

“स्वर?”

“रे. आणि लगेच खाली दो.”

मी लिहिलं. पापा पियानोचं झाकण मिटून बसले होते आणि डाव्या हाताची बोटं त्या झाकणावर चालवत होते. डोळ्यांवर हिरव्या काचांचा चष्मा होता. बाहेर मळ्यात द्राक्षांची तोडणी चालली होती. बायका गात होत्या आणि मध्येच कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

“बेसूर गातात,” पापा म्हणाले, “पण ठेका सोडत नाहीत. पॅरिसच्या निम्म्या वादकांपेक्षा बऱ्या. लिहिलंत?”

“लिहिलं.”

“वाचा.”

“एकेचाळिसावा खण. रे, दो.”

त्यांनी मान हलवली.

आमच्या घराण्यात आईवडील मुलांनाही ‘तुम्ही’ म्हणत. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि तिने शेवटच्या दिवशीसुद्धा मला ‘तुम्ही’च म्हटलं. माझे वडील काउंट एमार द लोर्मेल. लुआर नदीच्या काठी, आँजे शहरापासून दोन तासांच्या अंतरावर आमचं घर. छापील संगीतावर मात्र ते ‘काउंट’ लावत नसत, ‘द’सुद्धा लावत नसत. फक्त ‘ए. लोर्मेल’. उपाधी दिसली की टीकाकार शिकारीच्या गोष्टी लिहितात, संगीताबद्दल लिहीत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही गोष्ट त्यांच्या क्वार्टेटच्या, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेच्या वेळची, बावीस वर्षांपूर्वीची. त्याच्या दोन हिवाळ्यांआधी त्यांना मोठा ताप आला होता. त्यातून उठले ते डोळे गमावून. “उजेड आणि सावली एवढं कळतं,” ते सांगत, “बाकी सगळं कान सांगतात.” तेव्हापासून ते बोलत आणि मी लिहून घेत असे.

लिहिण्याचं काम मला नवीन नव्हतं. नऊ वर्षांची असताना त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांच्या कागदावर काट मारलेली चालत नसे. चुकलेला स्वर छोट्या चाकूच्या टोकाने अलगद खरवडायचा, मग त्या जागी कागदाच्या पाठीमागून अकीकाचा गुळगुळीत खडा फिरवायचा, म्हणजे नवी शाई पसरत नाही. आमच्या दोघांचे चाकू वेगळे होते. त्यांच्या चाकूला शिंपल्याची मूठ होती. ते डावखुरे असल्यामुळे त्यांचा हात उजवीकडून डावीकडे चाले आणि माझा उलट. लहानपणी आम्ही एक खेळ खेळत असू. ते जुनं पान खिडकीशी तिरपं धरत आणि विचारत, “कुणाची चूक?” कागदाचे तंतू कुठल्या बाजूला झुकलेत ते पाहून मी सांगायची. बहुतेक वेळा माझीच निघायची.

त्या रविवारी डॉक्टर ल्युसियां बेर्तो जेवायला आले. आँजेच्या इस्पितळात ते तीन वर्षं होते. आता त्यांची नेमणूक हिंदुस्थानात, पाँडिचेरीला झाली होती आणि मी त्यांच्याशी लग्न करून बरोबर जावं अशी त्यांची इच्छा होती. माझीही होती. हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

“पाँडिचेरी,” क्लोतिल्द आत्या म्हणाली. ती पापांची मोठी बहीण. लग्न केलं नव्हतं, घर तीच चालवायची. “आपल्या घराण्यात एवढ्या लांब कोण गेलं होतं, एमार?”

“क्रुसेडच्या लढाईला गेले होते दोघं.”

“आणि?”

“परत आले नाहीत.”

ल्युसियां हसले. “मी पाच वर्षांनी परत येणार आहे.”

“तेही तसंच सांगून गेले होते,” पापा म्हणाले.

पेअरची ताटली आली तशा गांधीलमाश्याही आल्या. आत्या रुमालाने वारत होती. पापांनी वाइनच्या पेल्याकडे हात नेला, थांबले, आणि बोटाच्या मागच्या बाजूने पेला दूर सारला. मी पाहिलं तर त्यात एक गांधीलमाशी तरंगत होती, निपचित. मी पेला बदलून दिला.

“ऐकू आली तुम्हाला?” ल्युसियांनी विचारलं.

“संगीतकाराचे कान आहेत, डॉक्टर.”

ल्युसियां थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “जाण्यापूर्वी एकदा तुमचे डोळे पाहू द्याल का? माझ्या समाधानासाठी.”

“तुम्ही माझी मुलगी पाहायला आलात. एका दिवशी एकच.”

आत्यासुद्धा हसली.

जेवण झाल्यावर आम्ही दोघं नदीपर्यंत चालत गेलो. त्यांची आगगाडी गुरुवारी बारा चाळीसला आँजेहून सुटणार होती, जहाज शनिवारी मार्सेयहून. मी आले तर मार्सेयला त्यांच्या बहिणीकडे उतरायचं आणि तिथेच लग्न, असं ठरत होतं.

“पापांचं कसं होईल?” मी म्हटलं.

ल्युसियांनी एक काटकी उचलली आणि तिची साल काढत राहिले. काहीतरी सांगायचं असावं असं मला वाटलं.

“तुम्ही तुमचं पाहा,” शेवटी ते म्हणाले. “तुम्हाला काय हवं, तेवढंच. बुधवारपर्यंत कळवा.”

संध्याकाळी मी पापांकडे विषय काढला. आत्या शेगडीजवळ विणत बसली होती.

“तुम्ही जा,” पापा लगेच म्हणाले. “माणूस चांगला आहे. विनोद कळतात त्याला.”

“आणि क्वार्टेट?”

“क्लोतिल्द लिहून घेईल.”

“मी?” आत्या म्हणाली. “मला तर त्या तारांवर बसलेल्या माश्या दिसतात. या वयात मी माश्या मोजणार नाही.”

“मग राहील दोन भागांचा. लोक म्हणतील, लोर्मेल मध्येच मेला. मेल्यावर लोकांना संगीतकार जास्त आवडतात.” ते थांबले. “ओदिल, पहिलं पान काढा. अर्पणपत्रिका राहिली आहे. लिहा: माझी मुलगी ओदिल हिला, जिने मला आपले डोळे दिले.”

मी लिहिलं.  जाऊ नका, असं ते एका शब्दानेही म्हणाले नाहीत. सोमवारी सकाळी मी ल्युसियांना पत्र पाठवलं. चार ओळींचं. मी येत नाही, वडील आंधळे आहेत आणि त्यांना माझ्याशिवाय कुणी नाही, असं त्यात होतं.

बुधवारी सकाळी मी आणि आत्या रोजच्यासारख्या चर्चहून परत येत होतो. तोडणी संपली होती, मळा रिकामा होता. त्या बायकांचं गाणं माझ्या डोक्यात चालू होतं आणि एकदम मला आठवलं, स्वरलिपीच्या एकेचाळिसाव्या खणात मी ‘रे, दो’ लिहिलंच नव्हतं. कुणीतरी हसलं तेव्हा माझं लक्ष उडालं होतं आणि मी दोनदा ‘रे’ लिहिला होता. वाचून दाखवताना मात्र कागदावरचं न वाचता त्यांनी सांगितलेलंच परत म्हटलं होतं. नकला उतरवणाऱ्यांची ही नेहमीची चूक. पहिले दोन भाग दुपारच्या टपालाने पॅरिसला प्रकाशकाकडे जायचे होते.

घरी आल्याआल्या टोपीसुद्धा न काढता मी बांधलेले कागद सोडले. एकेचाळिसावा खण. व्हिओला. रे, दो.

मला वाटलं मी दुरुस्त करून विसरले असेन. तरी पान उचलून खिडकीशी तिरपं धरलं, जुन्या सवयीने. ‘दो’च्या जागी कागद जरा पातळ होता आणि त्यावरचे तंतू डावीकडे झुकलेले होते.

मी पानं उलटत गेले. पहिल्या भागात अशा तीन जागा सापडल्या, दुसऱ्यात दोन. मग कपाटातून गेल्या वर्षीची गाणी काढली. त्यांत अकरा होत्या. सगळ्या माझ्या चुका. सगळ्या नीट खरवडलेल्या, घोटलेल्या. ज्या मी वाचून दाखवताना बरोबरच वाचल्या होत्या, त्या. त्या कानांनी कळणाऱ्या नव्हत्या. रोज सकाळी साडेसहा ते साडेसात आम्ही दोघी चर्चमध्ये असायचो आणि स्वयंपाकीण मागे परसात. तेवढा तास पापा घरात एकटे असत.

मी पॅकेट पुन्हा बांधलं. पहिलं पान तेवढं मागे ठेवलं. माझा चाकू घेतला आणि अर्पणपत्रिका खरवडून काढली. माझं नाव, मुलगी हा शब्द, डोळे हा शब्द. अकीक फिरवला नाही. ते पान पियानोच्या घडवंचीवर कोऱ्या कागदांच्या वर ठेवलं आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसले.

पापा जेवणानंतर आले, काठीने वाट चाचपत. बसले. नेहमीसारखा कागदांच्या कडा सारख्या करायला हात पुढे केला, आणि हात तिथेच राहिला. तोंड खिडकीकडे होतं. अंगठा पानाच्या वरच्या भागावरून एकदा गेला, मग परत आला. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते. ते वळले असते तर काय म्हणाले असते, त्याची उत्तरं मी जुळवून ठेवली होती.

“इथे कागद सोलला गेला आहे,” ते म्हणाले. “पाठीमागून अकीक फिरवा. नाहीतर शाई पसरेल.”

“तिथे काय लिहायचं?”

“ते तुम्ही ठरवा.”

 त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला.

“तिसरा भाग,” ते म्हणाले. “चेलो एकटा. संथ.”

आणि मी लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत आठ पानं झाली. त्या क्वार्टेटमधला तो भाग सगळ्यांत चांगला आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

गुरुवारी सकाळी मी छोटी बॅग भरली आणि गावच्या स्टेशनापर्यंत जायला घोडागाडी जोडायला सांगितली. आत्या पायऱ्यांवर उभी होती.

“आँजेला जाते आहे,” मी म्हटलं.

“टोपी नीट बांध. वारा आहे.” मग गाडी वळताना ती म्हणाली, “ओदिल, तो घाबरट आहे गं. लहानपणापासून.”

म्हणजे तिलाही माहीत होतं.

ल्युसियां फलाटावर पेटीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मला पाहून उठले. इतका आनंद मी कुणाच्या तोंडावर त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

“आलात.”

“पापांना दिसतं,” मी म्हटलं. “चांगलं दिसतं. कागदावरचा स्वर दिसतो. कधीपासून ते माहीत नाही.”

मी धापा टाकत सगळं सांगितलं, चाकूचं, तंतूंचं. ते ऐकत होते, मान हलवत होते. सांगतासांगता माझ्या लक्षात आलं की त्यांना नवल वाटत नव्हतं.

“तुम्हाला माहीत होतं.”

“रविवारी कळलं,” ते म्हणाले. “मेलेली माशी गुणगुणत नाही.”

“मग नदीवर का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्यावर चिडून माझ्याकडे आला असता. मला तसं यायला नको होतं. वाटलं, तुम्ही माझ्यासाठी यावं.”

“ते आंधळे आहेत असं समजूनसुद्धा.”

“हो.”

“आंधळ्या बापाला सोडून यायला मी तयार होते का, ते तुम्हाला पाहायचं होतं.”

“असं म्हणू नका.”

“माझं पत्र मिळालं?”

“मंगळवारी.”

“त्यात कारण लिहिलं होतं. ते खोटं आहे हे तुम्हाला माहीत होतं. तीन दिवस.”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मग त्या घडीची अजून एक घडी. “मला राग आला होता,” ते म्हणाले. “माझी चूक झाली. ओदिल, गाडीत बसा. तिकीट आतही मिळतं. आपल्याला बोलायला मार्सेयपर्यंतचा वेळ आहे, तिथून पुढे तीन आठवडे समुद्र आहे.”

गार्डने दारं लावायला सुरुवात केली होती. हमालाने त्यांची पेटी चढवली आणि माझ्या बॅगेला हात घातला. मी ती सोडली नाही. हमाल दोघांकडे पाहून म्हणाला, “बाईसाहेब, एक काय ते ठरवा, पुढचे डबे राहिलेत.”

“राहू द्या,” मी म्हटलं.

गाडी गेल्यावर त्याच फलाटावर बसून मी आमच्या बाजूच्या गाडीची वाट पाहिली. दोन तास होते. माझ्याशी खरं बोलेल असा एकही माणूस मला आठवेना.

घरी पोचले तेव्हा पापा पियानोवर होते. वाजवायचे थांबले.

“उशीर झाला तुम्हाला.”

“गाडीला गर्दी होती.”

“कुठल्या गाडीला?”

“परतीच्या.”

“हं,” ते म्हणाले, आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे वाजवू लागले.

क्वार्टेट अर्पणपत्रिकेशिवाय छापला गेला. पॅरिसच्या एका वर्तमानपत्राने लिहिलं की लोर्मेलला आपलं काम अर्पण करावं असं जगात कुणी दिसत नाही. पापांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

त्यानंतर बावीस वर्षं ते आंधळे राहिले आणि मी फसलेली राहिले. ल्युसियांची तीन पत्रं आली. मी उघडली नाहीत, फाडलीही नाहीत. घरात त्या विषयावर एक शब्द निघाला नाही. फक्त एक गोष्ट मी सुरू केली. प्रत्येक नव्या रचनेत एक स्वर मी मुद्दाम चुकीचा लिहायची. एकच, आणि सहज दिसणार नाही अशा जागी. वाचून दाखवताना बरोबर वाचायची. दुसऱ्या दिवशी चर्चहून आले की ते पान खिडकीशी धरायची. स्वर दुरुस्त झालेला असे, तंतू डावीकडे. चूक राहू देणं त्यांना जमतच नसे. आत्या वारली त्या आठवड्यातसुद्धा जमलं नाही. मी त्यांना दर वेळी असं पकडत होते आणि ते दर वेळी पकडले जात होते, आणि जेवताना आम्ही हवेबद्दल बोलत होतो.

गेल्या सप्टेंबरात एका सकाळी पापा संगीताच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “ओदिल, पडदे ओढलेत का?”

सगळी खोली उन्हाने भरली होती.

“नाही, पापा.”

“रात्री फार दुखलं. इथे, कपाळाच्या मागे. आता काही दिसत नाही.”

“तुम्हाला तसंही दिसत नाही,” मी म्हटलं.

ते काठीने वाट शोधत खुर्चीपर्यंत आले. वाटेत स्टुलाला अडखळले. मी टेबलावरून उठले नाही. मला वाटलं, म्हातारपणी नाटक जास्त करू लागले. त्या हिवाळ्यात ते जिन्यावर दोनदा पडले. हातातला चमचा ताटलीच्या बाहेर टेकवायचे. एकदा दुपारी मी आत गेले, तर त्यांनी मान न वळवता विचारलं, “कोण आहे? ओदिल, तू आहेस ना?” ‘तू’ म्हणाले. मी म्हटलं, “मीच आहे, पापा,” आणि दऊत भरायला घेतली.

नोव्हेंबरमध्ये त्यांनी पियानोसाठी एक छोटी रचना सांगितली. सहा पानं. तिसऱ्या पानावर मी नेहमीसारखा एक स्वर चुकवला; त्या जागी टाकाची करकर नेहमीसारखीच क्षणभर अडखळली. दुसऱ्या दिवशी पान खिडकीशी धरलं. स्वर तसाच होता. तिसऱ्या दिवशीही तसाच. एवढ्या वर्षांनी त्यांना खेळाचा कंटाळा आला असेल असं समजून मी कागद कपाटात ठेवून दिले.

जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला. गावातले नवे डॉक्टर आले, तरुण होते. छाती तपासली, मग दिवा जवळ घेऊन डोळ्यांच्या पापण्या वर केल्या.

“डोळे कधी गेले यांचे?”

“चोवीस वर्षं झाली,” मी म्हटलं. सगळ्यांना तेच सांगत आले होते.

“नाही, नाही. हे अगदी अलीकडचं आहे. तीन-चार महिने. हे होताना माणूस वेदनेने ओरडतो हो. वेळेवर कुणाला दाखवलं असतं तर एक डोळा तरी राहिला असता. तुम्हाला काही बोलले नाहीत?”

“बोलले होते,” मी म्हटलं.

दोन दिवसांनी ते गेले. शुद्धीवर आले नाहीत.

त्यांच्या जाकिटाच्या खिशात शिंपल्याच्या मुठीचा चाकू होता, आणि अकीक. प्रकाशकाने ती शेवटची सहा पानं मागितली आहेत. काल दुपारी मी तिसरं पान काढलं. माझा चुकीचा स्वर तिथे होता आणि त्याच्या आसपास कागदावर चाकूच्या टोकाचे बारीक ओरखडे होते. वरच्या ओळीवर काही, खालच्या मोकळ्या जागेत काही, एक तर पार समासात. नोव्हेंबरात मी फक्त स्वर पाहिला होता. सगळ्या ओरखड्यांचे तंतू डावीकडे होते.

मी त्यांचा चाकू डाव्या हातात धरला. डाव्या हाताला सवय नाही, फार वेळ लागला, आणि कागद एका जागी जरा फाटला. मग पाठीमागून अकीक फिरवला आणि बरोबर स्वर लिहिला. शाई थोडी पसरली.